इंदूबाईच्या घरची इर्जिक

इंदूबाई मेश्रामला कोणी बिचारी म्हटलेलं खपत नाही. पुरात तिचं घर गेलं तेव्हा नागपूरहून मदत घेऊन आलेल्या एका बाईंनी कळवळून तिला जवळ घेतलं आणि "बिचारी!" म्हणाल्या. इंदूबाई गुडघाभर चिखलात उभी होती. म्हणाली, "घर बिचारं होतं बाई, मातीचं. मी ठणठणीत हाय."

गाव कुही तालुक्यातलं, नदीकाठचं. पुरानं खालची बौद्धांची वस्ती तर धुऊन नेलीच, पण वरच्या गावालाही सोडलं नाही. माणसं वाचली, घरं बसली. मग नागपूरच्या एका सेवाभावी संस्थेनं टेकाडावर नवं गाव उभारायला घेतलं. सिमेंट, लोखंड, मिस्त्री संस्थेचे, अंगमेहनत गावाची. संस्थेचा इंजिनिअर मधुसूदन, मोठा उत्साही माणूस. मिळून काम करायची तुमची काही पद्धत आहे का, असं त्यानं पहिल्याच बैठकीत विचारलं आणि सगळे एका सुरात म्हणाले, "इर्जिक!" एकाच्या वावरात सगळ्यांनी उतरायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि ज्याचं वावर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मधुसूदन खूश. ठरलं, प्रत्येक स्लॅबला सगळं गाव राबेल आणि ज्याच्या घराचा स्लॅब त्याच्याकडे जेवण.

आता त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की जुन्या गावात इर्जिकी दोन होत्या! वरच्या गावाची वेगळी, वस्तीची वेगळी. वस्तीतली माणसं वरच्यांकडे राबायला जायची, पण त्यांची पानं गोठ्याच्या बाजूला मांडली जायची. आणि वरच्या गावातलं कोणी वस्तीत येऊन जेवलंय, असं इंदूबाईनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे त्या बैठकीत कोणी बोललं नाही. बोलायला जीभ कोणाची रेटणार?

पहिले स्लॅब वरच्या गावाचे निघाले. इंदूबाई एकाही ठिकाणी मागे राहिली नाही. आनंदरावांच्या स्लॅबला तर ती दिवसभर शिडीच्या तोंडाशी उभी राहून भरली घमेली वर देत होती. आनंदराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस; ते बसले की गाव बसतं, ते उठले की गाव उठतं. त्यांच्याकडे इंदूबाई पंगतीतच जेवली. गोठाच वाहून गेला होता, बसवणार कुठं?

मग तिची पाळी आली. आदल्या दिवशी आनंदरावांची बायको पंचफुला चाचरत येऊन सांगून गेली, "इंदू, उद्या माणसं कमी दिसतीन वं. कोणाची तब्येत, कोणाचं लगन..." हे कानावर गेलं तेव्हा कुठं मधुसूदनच्या डोक्यात प्रकाश पडला. तो धावत आला.

"इंदूबाई, जेवण आपण कुहीच्या भोजनालयातून मागवू. खर्च संस्थेचा. कोणाला अडचण नको, तुम्हालाही त्रास नको."

"माह्या घराचा स्लॅब अन् जेवण दुसऱ्याचं? काहून?"

"अहो, लोक आले नाहीत तर? किंवा अर्ध्यावर उठून गेले तर? स्लॅब मध्ये थांबवता येत नाही. जोड राहिला तर कायमचा गळेल."

"गळन तं गळन. चूल माहीच पेटन."

बोलून तर गेली, पण छत खरंच गळालं तर? पक्क्या छताची हौस तिला लग्न होऊन आल्यापासूनची. पण सासऱ्यांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर आता कोणापुढे मान खाली घालायची नाही असं घरादाराला बजावलं. त्यांच्या सुनेनं स्वतःच्या हातचं अन्न लपवायचं? छे!

सकाळी तिनं वांग्याची भाजी, लाखोळीचं वरण आणि मोठा गंज भरून भात रांधायला घेतला. वस्तीतली माणसं आली, पण तेवढ्यांनी स्लॅब भरणार नव्हता. मधुसूदन रस्त्याकडे डोळे लावून उभा. बऱ्याच वेळानं खांद्यावर फावडं टाकून आनंदराव येताना दिसले आणि त्यांच्या मागं वरच्या गावातले गडी. बायका मात्र एकही नाही. मिक्सर सुरू झाला. घमेली हातोहात फिरली आणि दुपार कलता कलता स्लॅब भरून झाला.

खरी गंमत हात धुतल्यावर सुरू झाली. एकाला उपास आठवला, दुसऱ्याकडे पाहुणे यायचे होते. आनंदरावांनीही फावडं उचललं. इंदूबाई हातात पळी घेऊन सरळ वाटेत उभी राहिली.

"आनंदराव भाऊ, थांबा. इर्जिकीत जेवल्याबिगर जाते तो मजूर. तुमच्या घरी मी शेजारीण म्हणून आलती, म्हणून जेवली. आता तुमी सांगा, माह्या घरी कोण म्हणून आलते?"

आनंदरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वर ओल्या स्लॅबकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फावडं भिंतीला टेकवलं.

"शेजारीच म्हणून आलतो, बाई. वाढा."

ते बसले. काही जण तरीही निघून गेले. गेले तर गेले. बाकीचं गाव बसलं. मधुसूदन वाढायला उठला तर इंदूबाईनं त्याला खांदा दाबून खाली बसवलं. प्रत्येक पान तिनं स्वतः वाढलं. गावाला घाम तिनं जन्मभर दिला होता. घास आज पहिल्यांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्लॅबवर पाणी मारत होती. पंचफुला खाली येऊन उभी राहिली. पदराआड वाटी होती.

"आमच्या घरच्यायनं लय तारीफ केली वं," ती इकडंतिकडं बघत म्हणाली. "भाजी उरली असन तं दे थोडीशी."

"गंज पुसून खाल्ला तुमच्या लोकायनं!" इंदूबाई वरूनच हसली. "बस, ताजी टाकतो."

ती खाली उतरेपर्यंत पंचफुला चुलीपाशी बसली होती. विळी पुढं ओढून वांगी चिरत होती.