भिंतीवर राखलेली जागा

विमलबाई पागधरे यांना मी प्रथम पाहिले ते बोईसरच्या एका कारखान्यामागे. मी नुकताच साताऱ्याकडून सालवडच्या शाळेत गणित शिकवायला आलो होतो. कडक इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई उकिडव्या बसून टाकाऊ मालाच्या ढिगातली एकेक वस्तू नाकाशी नेत होत्या आणि पहारेकरी हिंदीत त्यांची विनवणी करीत होता, की मॅडम, हा फेकायचा माल आहे, हुंगायचा नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याच बाई आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला निघालेल्या दिसल्या, तेव्हा आपण कुठे येऊन पडलो, असा प्रश्न मला पडला.

वासाचे कारण पुढे कळले. रसायनाचा दर्प आला की ती वस्तू बाई घेत नसत. बाकीच्या वस्तू साबणाने धुऊन वर्गात येत. धाग्याचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन, कापडाच्या पट्ट्या, बाटल्यांची झाकणे. मग बाई मुलांना विचारीत, याचे आणखी काय होईल? गंमत अशी, की उत्तर त्यांनाही ठाऊक नसे. मुले त्या कोनांवर दशक-एकक मोजू लागली, तेव्हा माझाही मुक्काम त्या खोलीत वाढला. आमच्या थोरल्याच्या बारशाला बाईंनी त्याच पट्ट्यांची गोधडी शिवून आणली. चिरंजीव आता कॉलेजात जातात, पण ती गोधडी कुणाला टाकू देत नाहीत.

एका वर्षी मुलांनी भिंतभर आपल्या परिसराचे चित्र करायला घेतले. निळ्या पट्ट्यांचा समुद्र, कोनांची धुराडी. डोंगराकडचा कोपरा मंगळी नावाच्या मुलीचा, कारण तिचा पाडा तिकडचाच. दिवाळी सरली आणि काम अर्धे टाकून ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. अशी गेलेली मुले सहसा शाळेत परतत नसत.

स्नेहसंमेलन जवळ आले. मुख्याध्यापक म्हणाले, पाहुण्यांसमोर अर्धवट कोपरा बरा दिसत नाही, कुणाकडून तरी भरून घ्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “पाहुण्यांना सांगा, काम चालू आहे. करणारी भट्टीवर गेली आहे.” पाहुण्यांनी नेमके त्या कोपऱ्याविषयीच विचारले आणि अख्ख्या वर्गाने त्यांना मंगळीची हकिगत सांगितली. मला मात्र राहून राहून वाटे, ही पोर आलीच नाही तर?

जूनमध्ये शाळा उघडली आणि मंगळी आली, फडक्यात विटांचे तुकडे बांधून. कोपरा होता तसाच पाहून तिने बाईंना हळूच विचारले, “बाय, आमचा घर कुडाचा हाय. पन हितं इटांचा केला त चालेल?”

“जागा तुझी आहे,” बाई म्हणाल्या.

ते घर बघायला तिची आई आली. भिंतीवरच्या विटांवरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. पुढच्या दिवाळीनंतर आईबाप दोघेच भट्टीवर गेले. मंगळी आजीजवळ राहिली आणि शाळेत येत राहिली.

यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असे म्हणताना माझा स्वार्थ लपवीत नाही. गेलेल्या पोरासाठी जागा राखून ठेवणारे एक तरी माणूस गावात लागते, आणि ते आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवे आहे.