मामांच्या आकाशातली खोट

आकाशाच्या फोटोतली खोट काढण्यात आमच्या मामांचा हात धरणारा माणूस नेरूळपासून पनवेलपर्यंत सापडायचा नाही. मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो लोक बघतात ते ताऱ्यांसाठी. मामा ताऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कोपऱ्यात एखादा काळा चौकोन, हिरवा ओरखडा किंवा नसता गोल डाग दिसला, की ते मोबाइल टीव्हीला जोडतात, खुर्ची पुढे ओढतात आणि गॅलरीतून खाली मला हाक मारतात. हाक अशी, की वॉचमनला वाटतं पाण्याचा टँकर आला.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मी धाराशिवकडच्या एका तालुक्याच्या गावात शिकलो आणि इथल्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सोसायटीत एकट्या मुलाला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असा नियम होता. मामा मूळचे इथल्याच शिरवणे गावचे, जुने गाववाले. माझी त्यांची ओळख जिन्यातली, तीही पाच मिनिटांची. ते कमिटीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाचा हाय माजा. आता बोला." कमिटीतल्या कुणी नातं तपासलं नाही. त्या उपकाराची आठवण त्यांनी मला कधी करून दिली नाही. फक्त आकाशात काही गडबड झाली, की ती निस्तरणं भाच्याचं काम, असं ते धरून चालतात.

मामांची सगळी नोकरी न्हावा शेवा बंदरात, कस्टममधून माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे झाली. कंटेनर क्ष-किरणांच्या मशीनमधून जायचा, पडद्यावर त्याच्या पोटातलं चित्र उमटायचं, आणि मामा कस्टमच्या साहेबाच्या खांद्यामागून ते वाचायचे. त्यामुळे चित्र ही काहीतरी दडवण्याची जागा असते, ही समजूत त्यांच्या अंगात मुरलेली. मोबाइलवरच्या आकाशाच्या नकाशात पहिल्यांदा काळा चौकोन दिसला तेव्हा ते म्हणाले, "सील मारलंय. आत काय हाय ते आपल्याला दावायचं नाय." मी सांगितलं, की एखादा तारा फार प्रखर असला तर त्याच्या झगमगाटाने आजूबाजूचा फोटो बिघडतो, म्हणून तेवढा भाग झाकतात. "मंग तसं लिवायला त्यांचं काय जातं?" सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मते तिथे परग्रहावरच्या लोकांचा तळ होता. तळमजल्यावरच्या आजोबांनी त्याचा संबंध थेट पुष्पक विमानाशी लावला. मामी लसूण सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काच पुसली नसंल."

पुढे एका फोटोत मेदुवड्यासारखे फिकट गोल डाग आले आणि ते खरोखरच काचेवरच्या धुळीचे निघाले. तसं मी मामींसमोर बोलून गेलो. मामांनी दोन-तीन दिवस मला हाक मारली नाही.

पण माणूस न्यायी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीशी जुळलं, की लगेच मान्य. एकदा त्यांना एका ओळीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन ठिपके सापडले. मी म्हटलं, "मामा, दुर्बीण एकाच जागेचे तीन रंगांत तीन फोटो काढते, एकामागून एक. मधून एखादी वस्तू सरकत गेली तर ती तीन ठिकाणी उमटते." मामांनी मांडीवर थाप मारली. "कल्लं. ड्रायव्हरनं मधीच ब्रेक सोडला. आमच्याकडं मशिनीत असा ट्रक रबरागत लांब यायचा." त्या दिवशी त्यांनी मला खाडीतलं ताजं जिताडं खाऊ घातलं आणि जेवताना मामींना म्हणाले, "पोरगा शिकलेला हाय, पन समजवून सांगतो."

गेल्या वर्षी मात्र वेगळीच खोट निघाली. दुर्बिणीच्या फोटोत तेजस्वी ताऱ्याला क्रुसासारख्या रेघा फुटलेल्या दिसतात. त्या दुर्बिणीच्या आतल्या पट्ट्यांमुळे येतात आणि पट्टीने आखल्यासारख्या सरळ असतात. मामा म्हणाले, "ही उजवीकडची वाकडी हाय." मी पाहिलं, सरळ होती. त्यांनी दुसरा फोटो उघडला, मग तिसरा. त्यांना सगळीकडे उजवीकडचीच वाकडी दिसत होती. मी मोबाइल हातात घेतला, फोटो उलटा केला आणि विचारलं, "आता?"

"उजवीकडचीच."

"मामा, मघाची उजवी आता डावीकडे गेली."

मामांनी खुर्ची मागे सरकवली. सगळ्या कंटेनरांत एकाच जागी डाग दिसला तर कंटेनर उघडायचे नसतात, मशीन बंद करायचं असतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "म्हनून त्या सुताराशी भांडलात? चौकट वाकडी, चौकट वाकडी. तो बिचारा तीन खेपा घालून गेला."

"डोल्याला काय झालं नाय माज्या."

"मंग उद्या दाखवून येऊ. काय झालं नाय तर डॉक्टर तरी काय करनार?"

मामांना अंधाराची भीती वाटत होती असं मला वाटत नाही. हे बघणं सुटेल, याची वाटत होती. वाशीच्या दवाखान्यात ते माझा हात धरून बसले होते, हे तिथून निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याच डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. नारिंगी, गोल, मधोमध काळपट. मामांनी तो सवयीने कोपऱ्यापासून तपासला आणि विचारलं, "हा डाग मशीनचा का माजा?"

"तुमचा, काका."

उजवा डोळा बराच बिघडला होता, डाव्यात सुरुवात होती. इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकेल, गेलेलं परत येईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या. मामा इंजेक्शनं घेतात. डोळ्यात सुई म्हटल्यावर मी दाराबाहेरच थांबतो, ते मात्र बाहेर येऊन चहा मागतात. सुताराला त्यांनी घरी बोलावून जेवायला घातलं.

हाक आता पूर्वीसारखी येत नाही. मामा स्वतःच जिना उतरून येतात, मोबाइल पुढे करतात आणि हळू आवाजात विचारतात, "सरल हाय ना?" मी नीट बघून सांगतो, "सरळ आहे." ते मान हलवतात आणि पुढचा फोटो उघडतात.

परवा त्यांनी दीर्घिकांच्या एका पुंजक्याचा फोटो आणला. मधोमध निळसर प्रकाशाची कमान होती. लांबच्या दीर्घिकेचा उजेड वाटेतल्या पुंजक्याच्या वजनाने वळतो आणि अशी कमान दिसते.

"सरल हाय ना?"

"नाही मामा. ही खरंच वाकडी आहे."

"मला बरं वाटावं म्हनून सांगतोस?"

मी त्यांना घेऊन वर गेलो आणि फोटो मामींपुढे धरला. मामींनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. "वाकडी हाय की," त्या म्हणाल्या. "विळ्यासारखी."

मामांनी मोबाइल परत घेतला. ती कमान का वळते, हे त्यांनी मला विचारलं नाही. खुर्चीवर बसून ते तिच्याकडे बघत राहिले.