नर्गिसचं आधीचं नाव

शुक्रवार, संध्याकाळ. अबुधाबीतली मोहम्मद बिन झायद सिटी, आमच्या बिल्डिंगखालचं शिंप्याचं दुकान. हजर: शिंपी, मी, माझी मुलगी आणि डबा घेऊन आलेली एक अनोळखी तुर्की बाई.

तिने डबा उघडून प्रत्येकाला चमचाभर शिरा दिला. त्यांच्याकडे तो गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात.

"कुणाच्या नावाने?" मी विचारलं.

"पणजीच्या आईच्या," ती इंग्रजीत म्हणाली. "लहानपणी तिला इस्तंबूलमधल्या एका घरात विकलं. त्या घराने तिला नर्गिस केलं. वडिलांचं नाव अब्दुल्ला लावलं. दासींना तेच लावायचे. तिचं आधीचं नाव कुणालाच माहीत नाही."

शिरा देताना ती दर वेळी नाव घ्यायच्या जागी डोळे मिटून थांबली होती, पण नर्गिस म्हणाली नव्हती.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आमच्यातही लग्नात नाव बदलायचे. माझंही बदललं."

"व्हॉट वॉज इट, मम्मा?" मुलीने मोबाइलमधून मान वर केली.

"सुलभा. घरी सुलू."

बाईने डब्याचं झाकण लावलं. "आईकडे गेलीस की सुलूच म्हणायचे ना?"

"हो."

"तिला आईकडे जाता आलं नाही."

मग "यल्ला", म्हणजे चला, म्हणत ती उठली आणि गेली.

आई गेल्यापासून मला सुलू म्हणणारी एकच मावशी उरली आहे, मिरजेला. त्या दिवशीच्या माझ्या कामांच्या यादीतलं दूध आणलं, शिंप्याकडचे ब्लाउज आणले. मावशीला फोन करायचं मी मुद्दाम सगळ्यात वर लिहिलं होतं. ते अजून राहिलंय.