रांधणारीचा घास

चहाला आधण आलं होतं. फकिरा उंबऱ्याजवळ उकिडवा बसून मिश्री लावत होता. तेवढ्यात कडी वाजली आणि आवडाबाईच्या मुठीतली साखर निम्मी चुलीत गेली.

"वारा असंल," फकिरा म्हणाला.

"वारा कडी वाजवीत नाय."

काल संध्याकाळपासून ती याच आवाजाची वाट पाहत होती.

आवडाबाई अजिंठ्याकडची. लहानपण मेंढरांमागं गेलं, लग्नानंतर शहरातल्या छावणी भागात आली आणि सासूच्या हाताखाली कार्याचा स्वयंपाक शिकली. पुढं तिच्या येसर आमटीचं, भाजलेल्या धान्य-मसाल्याचं येसर घालून केलेल्या त्या आमटीचं, असं नाव झालं, की गुलमंडी बाजारातले कापडवाले आधी तिला सवड विचारत, मग भटजीला मुहूर्त. सासूबाई, मनकर्णाबाई, एकच गोष्ट बजावून गेल्या होत्या: आधी देवाला निवद, मग रांधणारीचा घास, मग पंगत. काही वाईटवकटं झालं असेल तर ते आपल्या जिभेला आधी कळावं.

हा नेम कधी मोडला नव्हता. मोडला तो काल.

छावणीतल्या एका बंगल्यात सिनेमावाले उतरले होते. जेवणाचा प्रसंग होता आणि त्यांना खरीखुरी येसर आमटी हवी होती. पातेलं त्यांचंच, तांब्याचं. बाहेरून आरशासारखं लखलखीत, पण आत कल्हई उडालेली, तळाशी तांबडे डाग. चिंचेचा कोळ हातात घेऊन ती क्षणभर थबकली होती. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट कळकतं, बाधतं, हे का तिला ठाऊक नव्हतं! पण मागून ओरडा चाललेला, "बाई, ऊन चाललंय, आटपा!" तिनं कोळ ओतला. निवद राहिला, घास राहिला. वाटी थेट रेशमी झब्ब्यातल्या त्या जाडजूड नानासाहेबांपुढं गेली. त्यांनी भुरका मारला, "वाहवा!" म्हणाले, गळा धरला आणि ताटातच तोंड घालून पडले.

एवढी माणसं उभी, पण एकजणही हलला नाही. पाणीसुद्धा कुणी आणलं नाही. आवडाबाई परसदारानं जी निघाली ती अनवाणीच घरी आली.

"आगं, सिनेमात खोटं खोटं मरत्यात," फकिरानं समजूत घातली होती.

"मरन खोटं असंल. आमटी तर खरी व्हती ना?"



आता फकिरानं दार उघडलं. दारात फौजदार. खाकी कपडे, हातात दंडुका, ओठावर झुपकेदार मिशी. आणि दुसऱ्या हातात आवडाबाईच्या चपला.

फकिरानं मिश्रीच्या तोंडानंच सलाम ठोकला. शेजारची दगडाबाई भिंतीवरून डोकावली. "आगं बया! सायेब, आमचं यांच्याकडं येनंजानं नाय बरं का!"

"काल तर वाटीभर येसर नेलंस की माझ्याकडून!" फकिरा चिडला.

 आवडाबाई नवऱ्याच्या पुढं झाली. "सायेब, ह्यांना काय इचारू नका. रांधलं म्या. पातेलं बघितलं व्हतं, तरी चिंच घातली म्या."

फौजदार गोंधळला. घामानं त्याच्या मिशीचं एक टोक सुटून लोंबायला लागलं. "अहो बाई, मी रामकिसन, सिनेमातला फौजदार! काल मला दोनदा भाकरी वाढलीत ना? तेव्हा मिशी लावली नव्हती. चपला विसरलात, म्हणून घेऊन आलो."

मग त्यानं सिनेमाची गोष्ट सांगितली. नावाजलेले आचारी आणि खवय्ये एकामागून एक मरतात, ज्याचा जो आवडता पदार्थ त्यानंच. आणि बघणारे पोट धरून हसतात.

"मानूस जेवता जेवता मरतो, अन् हसत्यात?" तिनं विचारलं. "ते नानासायेब कसे हायेत?"

"मजेत! रात्री उरलेली आमटी त्यांनीच संपवली."

"त्याच पातेल्यातली?"

"हो. सकाळी जरा मळमळतंय म्हणत होते, पण त्यांचं ते रोजचंच. चला, जीप उभी आहे. काल ते मरताना नेमका कावळा ओरडला. आज परत मरायचंय त्यांना."

दगडाबाई भिंतीवर खो खो हसत सुटली. फकिराही हसला. 

आवडाबाईनं मात्र फळीवरून घरचं पातेलं काढलं. आतली पांढरी कल्हई उजेडात निरखली, पदरानं पुसली आणि चपला पायात घातल्या. मिशी खोटी असली तरी तिच्या तोंडून पुन्हा 'सायेब'च आलं.

"सायेब, येते म्या. पर एक मागनं हाय."

"बोला ना."

"आज पयला घास मला खाऊ द्या. मग त्यांना वाढा."