दारातल्या चपला

बी.कॉम. झाल्यावर शिरूरच्या नव्या सुपरमार्केटात मी ट्रेनी मॅनेजर म्हणून लागलो. सहा महिने ट्रेनिंग, शेवटी पुण्याचे साहेब मार्क देणार, मग पक्की नोकरी नाहीतर घरचा रस्ता. वडगाव रासाईच्या आमच्या घरातला मी पहिलाच ग्रॅज्युएट. कुठल्या तोंडानं परत जाणार होतो?

पुण्यात पंधरा दिवस एसीत बसवून आम्हाला पडद्यावर सगळं शिकवलं. गिऱ्हाइकाकडे बघून किती हसायचं, बिस्किटं कुठल्या फळीवर मांडायची. पण आमच्याकडची माणसं चकचकीत फरशी दिसली की चपला बाहेर काढतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाजाराच्या दिवशी दारात चपलांचा ढीग लागायचा आणि दर महिन्याला तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या फॉर्मवर 'प्रवेशद्वार' या रकान्यात मला भोपळा मिळायचा. मी स्वतःच्या डोक्यानं बाहेर एक लाकडी घोडा ठेवला, चपलांसाठी. साहेब म्हणाले, "हे काय देऊळ आहे? लोकांना चपला घालून आत यायला शिकव." ट्रेनिंग माझं चाललं होतं की तालुक्याचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्याचा राग अजून येतो.

मग मी घोडा उचलून ठेवला आणि दारात उभा राहून येईल त्याला सांगू लागलो. एक म्हातारबा म्हणाले, "पायाला चिखुल हाय बाबा. येवढी चांगली लादी कशापायी घाण करू?" मी पुन्हा सांगितल्यावर ते पिशवी घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेले. त्या दिवशी असे बरेच गेले.

शेवटच्या तपासणीला साहेब फॉर्म घेऊन माझ्याशेजारीच उभे होते. तेवढ्यात एसटीनं आप्पा आले, माझे वडील. पोराचं दुकान पहिल्यांदाच बघायला, धुतलेला सदरा घालून. त्यांनी चपला काढून भिंतीकडेला जोडीनं ठेवल्या. मी साहेबांकडे पाहिलं आणि पुण्यात घोटून घेतलेल्या आवाजात म्हणालो, "सर, कृपया चपला घालून आत या."

आप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "व्हय सायेब," असं मला म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि स्टँडकडे चालू लागले.

मी पास झालो. तीन वर्षं तिथं मॅनेजर होतो. आप्पा दर बाजाराला यायचे, दारात उभं राहून आईनं दिलेली भाकरी माझ्या हातात द्यायचे. मी म्हणायचो, "आप्पा, आत तरी या."

"नगं रं," ते म्हणायचे, "पाय मातीचं हायत."