पाठीवरचं कुंकू

त्या वर्षी माझं कुंकू हळूहळू मोठं होत गेलं. आधी कपाळाला खाज सुटली, मग कुंकवाच्या कडेची कातडी फिकट दिसू लागली. ती झाकायला मी कुंकू रुंद केलं, तर फिकट कड आणखी बाहेर सरकली. मी शिकवायची त्या शाळेतल्या एका शिक्षिकेने विचारलंच, तुमच्याकडे कुणाला कोड आहे का. नेमके तेव्हाच मंगळवेढ्याचे पाहुणे माझ्या नणंदेला बघून गेले होते. घरात कोड आहे असं त्यांच्या कानावर गेलं असतं, तर तिचं लग्न तिथेच मोडलं असतं.

सोलापुरात एका दवाखान्यात एक डॉक्टरबाई अशाच कपाळांचा अभ्यास करत होत्या. कोड की ॲलर्जी, हे नुसतं बघून सांगता येणार नाही, म्हणाल्या. कपाळाला लागतं ते सगळं घेऊन या, आणि तोवर कुंकू बंद. पहिलं काम सोपं होतं. कुंकू, त्याखालचं मेण, खोबरेल, पावडर, सगळ्याच्या वेगळ्या डब्या करून मी चिठ्ठ्या चिकटवल्या. कुंकू बंद करणं मात्र माझ्या एकटीच्या हातात नव्हतं.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, ऐन तिशीत विधवा झालेल्या. त्या म्हणाल्या, "माझा ल्योक जिता हाय. तवर तुझं मोकळं कपाळ मला बघवायचं न्हाय." आणि डॉक्टरबाईंना जाब विचारायला स्वतःच माझ्याबरोबर निघाल्या.

डॉक्टरबाईंनी त्यांना बसवून घेतलं. ॲसिड सगळ्यांनाच भाजतं, तो ॲसिडचा गुण. ॲलर्जीचं तसं नाही. शेजारणीला जे काही करत नाही, तेच एखादीच्या अंगाला वैरी वाटू लागतं, वर्षानुवर्षं वापरल्यावरसुद्धा. म्हणून प्रत्येक वस्तू थोडी थोडी माझ्या पाठीवर पट्टीखाली लावायची, दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. आणि त्याच वस्तू, काही त्रास नसलेल्या कुणाच्या तरी पाठीवरही लावून बघायच्या, म्हणजे वस्तूच सगळ्यांना भाजते का ते कळतं. त्यालाच कुणी तयार होत नाही, म्हणाल्या.

आत्याबाईंनी माझ्या डब्या एकेक करून उचलून पाहिल्या. मग म्हणाल्या, "मला लावा की. माझी पाठ कोण बघतंय?"

नर्स कुंकवाची डबी हातात धरून त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली.

"लाव गं," आत्याबाई म्हणाल्या.

दोन दिवस आम्ही दोघी पारोशा. देवपूजा नणंदेकडे गेली आणि तिने आम्हाला देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून मनसोक्त चिडवून घेतलं.

पट्ट्या काढल्या तेव्हा माझ्या पाठीवर कुंकवाच्या जागी लाल पुरळ उठलं होतं. बाकी जागा स्वच्छ. हे कोड नव्हे, कुंकवातल्या रंगाची ॲलर्जी आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या. कातडीचा रंग भरायला महिने लागतील, पण ते कुंकू कायमचं बंद. आत्याबाईंच्या पाठीवर काहीच उठलं नव्हतं. कुंकवाचा ठिपका तेवढा राहिला होता. नर्स कापसाचा बोळा घेऊन पुसायला गेली, तर त्यांनी पदर ओढून घेतला. घरी धुईन, म्हणाल्या.

परतताना टांग्यात त्यांनी हळूच विचारलं, "मला न्हाय बाधलं, व्हय?"

"नाही, आत्याबाई."

"मग तू राहा मोकळ्या कपाळाची. पाव्हण्यांनी विचारलं तर मी सांगते काय सांगायचं ते."

घरी आल्याबरोबर मी दोघींसाठी पाणी तापवलं. माझी आंघोळ झाली. त्या म्हणाल्या, आज नको, उद्या बघू.