लोकांची पोरं

अमेरिकन फुटबॉलची मॅच इथे ऑकलंडला सोमवारी सकाळी लागते, त्यामुळे नवऱ्याचं त्या दिवशी हमखास वर्क फ्रॉम होम. परवा एक खेळाडू डोक्यावर आपटला आणि उठताना झोकांड्या खाऊ लागला. मी नर्स, मला बघवेना.

"बंद पडणार बघ हा खेळ," मी म्हटलं.

"छे! हेल्मेट असतं. अजून पन्नास वर्षं काही होत नाही त्याला."

तेवढ्यात लेकीने विचारलं, "बाबा, कॅन आय प्ले रग्बी?"

"वेडी आहेस का? डोक्याला लागलं म्हणजे?"

मी कपाळावर हात मारला. "मग पन्नास वर्षं खेळणार कोण?"

"असतात की लोकांची पोरं!"

लोकांची म्हणे! शनिवारी रग्बीच्या ग्राउंडवरून ती माझ्याच वॉर्डात येतात, आणि आईबाबांचं नाव विचारलं तर एखाद्याला तेही आठवत नाही.